चाळणीवाले साडू

आमचे थोरले साडू, म्हणजे माझ्या बायकोच्या मोठ्या बहिणीचे यजमान, हे या पृथ्वीतलावरचे 'नाही' म्हणता न येणारे सर्वश्रेष्ठ गृहस्थ आहेत, हे विधान मी पूर्ण जबाबदारीने करतो आहे. भिडस्त माणसं मी पुष्कळ पाहिली आहेत. पोट भरल्यावरही जिलबीला मान डोलावणारी, शेजाऱ्याला शिडी उसनी देऊन वर स्वतःच ती धरून उभी राहणारी. पण ती सगळी हौशी मंडळी. साडूंचं काम अव्वल दर्जाचं. त्यांच्या मातोश्रीच सांगत की लग्नाच्या वयात त्यांना मुली पाहायला नेणं बंद करावं लागलं होतं. ग्वाल्हेरला 'मुलगी पसंत आहे ना?' असं विचारल्यावर हे 'हो' म्हणाले. पुढच्या आठवड्यात देवासला विचारलं, तिथेही 'हो' म्हणाले. मातोश्रींनी घरी आल्यावर कान पकडला तर म्हणाले, "अगं आई, समोर बसून विचारून राहिले होते ते. मग काय सांगायचं?" त्यामुळे ताईंना, म्हणजे माझ्या बायकोच्या या बहिणीला, पाहायला त्यांना नेलंच नाही. ते ड्यूटीवर असताना मातोश्रींनी लग्न ठरवलं आणि साडूंना आयुष्यातली सर्वांत चांगली गोष्ट न विचारता मिळाली. ताईंनी संसाराला लागताच पहिल्या महिन्यात नवऱ्याची प्रकृती ओळखली आणि 'नाही' म्हणण्याचं खातं कायमचं स्वतःकडे घेतलं.

ते दिवस देशानं दारं उघडण्याचे होते. उदारीकरण हा शब्द पेपरात रोज असायचा. आमच्या उज्जैनला त्याचा अर्थ टाय लावलेल्या विक्रेत्यांवरून कळला. नानाखेड्याच्या नव्या कॉलनीत ही मंडळी भर उन्हात दारोदार हिंडत, आणि देशानं दारं उघडण्याच्या कितीतरी आधीपासून साडूंचं दार उघडंच होतं. विक्रेता आला की ते त्याला आधी पंख्याखाली बसवत, मग पाणी, मग पोहे, वर शेव, मग 'घरी कोण कोण असतं' ही चौकशी. इतकं झाल्यावर माणसाकडून काही न घेता त्याला घालवणं त्यांना खुनाइतकं क्रूर वाटे. घरात पाणी शुद्ध करायची यंत्रं इतकी झाली की एकातून निघालेलं पाणी दुसऱ्यात ओतून ते शुद्ध झालंय की नाही याची खात्री तिसऱ्यात करून घेता यायची. ताई घरी असल्या तर गोष्ट वेगळी. त्या दार अर्धं उघडून "भैया, नहीं चाहिए" म्हणत आणि दार लावून घेत. आश्चर्य म्हणजे तो माणूस मुळीच वाईट वाटून न घेता पुढच्या घरी जाई. हा चमत्कार साडू खिडकीतून पाहत आणि म्हणत, "हिला जमतं बुवा."

नोकरी टेलिफोन खात्यात, इंजिनियरची. त्यामुळे इंटरनेट नावाची वस्तू उज्जैनच्या मराठी समाजात सर्वांत आधी त्यांच्या घरी आली. कॉम्प्युटर बैठकीच्या खोलीत, त्यावर ताईंनी विणलेलं आच्छादन, शेजारी कर्कश किंचाळणारा मोडेम. तो किंचाळायला लागला की समजावं, आता साडूंचा फोन दुपारपर्यंत एंगेज. टेलिफोन खात्यातल्या माणसाचाच फोन लागत नाही याचा मला इतका संताप आला की एकदा मी रीतसर तक्रार नोंदवली. ती फिरत फिरत साडूंच्याच टेबलावर गेली. त्यांनी तिच्यावर 'तक्रार योग्य आहे' असा शेरा मारला, सही केली, आणि संध्याकाळी माझ्या घरी, टावर चौकाजवळ, चौकशीला आले. "सुधरलं का मग?" मी विचारलं. "नाही, ते तर सुधरणार नाही," ते म्हणाले, "पण तुमची तक्रार एकदम बरोबर आहे."

याच कॉम्प्युटरवर त्यांनी आमच्या मराठी मंडळाची वेबसाइट बनवली. कुणी सांगितलं म्हणून, हे वेगळं सांगायला नको. गणेशोत्सवाचे फोटो, कार्यकारिणीची नावं, आणि शेवटी त्या वर्षी निवर्तलेल्या सभासदांना श्रद्धांजली. उद्घाटनाला सगळी मंडळी साडूंच्या बैठकीत जमली. मोडेम किंचाळला, पान हळूहळू उमटलं, आणि 'भावपूर्ण श्रद्धांजली' या मथळ्याखाली अध्यक्ष, उपाध्यक्ष, खजिनदार आणि हळदीकुंकू समितीच्या तिन्ही सदस्या एका ओळीत हसऱ्या चेहऱ्यांनी झळकल्या. अध्यक्ष समोर खुर्चीत जिवंत बसले होते. त्यांनी हातातली बशी खाली ठेवली. वेबपान लिहिताना जो चौकोन उघडतो तो बंद करावा लागतो, नाहीतर एका चौकोनातला मजकूर दुसऱ्यात घुसतो, असं साडू त्यांना समजावू लागले. अध्यक्ष एवढंच म्हणाले, "ते तुमचं उघडणं-मिटणं नंतर पाहू. आधी मला वर काढा."

या प्रसंगातून चाळणीचा जन्म झाला. साडूंनी पहाटे उठून, लाइन मोकळी असते म्हणून, एक प्रोग्राम लिहिला. वेबपान त्यात टाकायचं, आणि कुठं काय उघडलं आणि कुठं बंद करायचं राहिलं ते त्यानं चाळून सांगायचं. ताई गव्हातले खडे काढत होत्या म्हणून नाव ठेवलं चाळणी. इथपर्यंत ठीक होतं. पण साडूंनी ती चाळणी इंटरनेटवर ठेवली. फुकट. नुसती फुकट नव्हे, तर आतली सगळी कृती उघडी करून, की ज्याला वाटेल त्यानं घ्यावी, बदलावी, सुधारावी, आणि जमलं तर सुधारलेली परत पाठवावी. जगभर अशी पुष्कळ मंडळी आहेत, ती एकमेकांची तोंडंही न पाहता मिळून औजारं बनवतात आणि कुणाचीच म्हणत नाहीत, असं ते मला मोठ्या उत्साहानं सांगत होते. ताई आतून ऐकत होत्या. ताईंच्या गोड्या मसाल्याची कृती त्यांनी सख्ख्या बहिणीलाही अजून पुरी सांगितलेली नाही. दरवेळी एक जिन्नस हातचा राखलेला असतो, आणि तो कोणता याचा शोध माझी बायको अजून घेते आहे. त्या ताईंचा नवरा असली कृती अख्ख्या जगाला वाटत सुटला, ही नियतीची थट्टाच म्हणायची.

चाळणीचं खरं सौंदर्य तिच्या भाषेत होतं. बाकीची औजारं चूक सापडली की एका शब्दात खेकसतात. साडूंनी आयुष्यभर सरकारी पत्रव्यवहार केलेला, त्यामुळे चाळणी इंग्रजीत बोलायची खरी, पण बाबूंच्या इंग्रजीत. मराठीत सांगायचं तर साधारण असं: 'आपण अमुक ओळीत उघडलेला तक्ता अद्यापपावेतो बंद केला नसल्याचे नम्रपणे निदर्शनास आणण्यात येत आहे. कृपया यथावकाश योग्य ती कार्यवाही व्हावी.' पान निर्दोष असलं तर ती 'हरकत नाही' असं कळवायची. कॅनडातल्या एका माणसानं लिहिलं की इतक्या सभ्य शब्दांत माझी चूक मला आजवर कुणी सांगितली नव्हती, माझ्या आईनंसुद्धा नाही. साडूंनी त्याला लगेच उत्तर लिहून आईची तब्येत विचारली.

मग माणसं येऊ लागली. येऊ लागली म्हणजे पत्रं येऊ लागली, पण साडूंच्या लेखी ती माणसंच. कुणी जपानमधून सुधारणा पाठवी, कुणी पोलंडमधून. प्रत्येकाचं स्वागत, प्रत्येकाला घरच्यांची खुशाली, प्रत्येकाला दिवाळीच्या शुभेच्छा आणि फराळाची थोडक्यात माहिती. आणि प्रत्येकाची सुधारणा साडू चाळणीत घालून टाकत. चांगली असो, वाईट असो, गरज असो, नसो. "अहो, ही तर बिल्कुल निरुपयोगी दिसते," मी एकदा म्हटलं. मला त्यातलं कळत नव्हतं, पण ती निरुपयोगी आहे हे मलासुद्धा कळत होतं. एका सद्गृहस्थानं चाळणीनं चूक दाखवताना घंटा वाजवावी अशी सोय करून पाठवली होती. साडू गंभीर झाले. "साढूभाई, तो बिचारा तिकडे पोलंडला थंडीत बसून घंटा करून राहिला. आणि मी इथून म्हणू की नको? काय वाटेल त्याला?" घंटा गेली आत. हव्या त्यानं वाजवावी म्हणून तिला एक बटण ठेवलं. अशी बटणं वाढत वाढत चाळणी इतकी जड झाली की ताई म्हणाल्या, "यातून आता गहूसुद्धा खाली पडायचा नाही."

या गोतावळ्यात दोन माणसं खास. एक हॉलंडचे गृहस्थ. हे अगदी पहिल्यापासूनचे. चाळणीचा निम्मा पाया त्यांनी घातलेला. बोलणं मोजकं, खुशाली विचारली तर 'बरा आहे' एवढंच. साडू म्हणत, "माझा सख्खा भाऊ असता तर असाच असता." दुसऱ्या ब्राझीलच्या बाई, नव्याच आलेल्या, पण उत्साहानं ओसंडणाऱ्या. भाद्रपदात, मंडळाच्या गणपतीची धामधूम चालू असताना, दोघांच्या सुधारणा एकाच आठवड्यात आल्या. ब्राझीलच्या बाईंचं म्हणणं, वेबपानात परिच्छेद सुरू केला की तो शेवटी खूण करून बंद केलाच पाहिजे, न केल्यास चाळणीनं हरकत घ्यावी. हॉलंडच्या गृहस्थांचं म्हणणं, दुसरा परिच्छेद सुरू झाला की पहिला आपोआप संपतो, त्यामुळे बंद करायची खूण हा निव्वळ कचरा, आणि ती केल्यास चाळणीनं हरकत घ्यावी. कुठल्याही शहाण्या माणसानं एक घेतली असती आणि एक परत केली असती. साडूंनी दोन्ही घेतल्या. आणि बटणंसुद्धा ठेवली नाहीत, कारण एवढ्या जवळच्या माणसांच्या सुधारणांना बटण लावणं त्यांना अपमानास्पद वाटलं.

नवी चाळणी अनंत चतुर्दशीला जगासाठी खुली झाली. साडूंनी मुहूर्त पाहून, मंडळाचा गणपती विसर्जनाला निघण्याआधी ती इंटरनेटवर चढवली आणि गुलाल लावून मिरवणुकीत नाचायला गेले. परत आले तोवर जगात हाहाकार माजला होता. परिच्छेद बंद केला तर चाळणी नम्रपणे निदर्शनास आणत होती की का बंद केला, आणि उघडा ठेवला तर नम्रपणे निदर्शनास आणत होती की का उघडा ठेवला. पृथ्वीवरचं एकही पान तिच्यातून पार पडेना. पत्रांचा पूर आला. आणि साडू हात बांधून बसले, कारण दुसऱ्या दिवशी पितृपक्ष लागला. पितृपक्षात नवीन काही काढायचं नाही, हा त्यांच्या घरचा रिवाज. नवा शर्ट घालत नाहीत, तिथं नवी चाळणी कशी काढणार? "पंधरवडाभर धीर धरावा," असं त्यांनी जगाला कळवलं, आणि कारण म्हणून पितरांची सविस्तर माहिती दिली. जपानहून एकानं सहानुभूतीचं पत्र पाठवलं. बाकीच्यांनी पाठवली ती सहानुभूतीची नव्हती.

शेवटी मीच त्यांना स्कूटरवर मागे बसवून राम घाटावर घेऊन गेलो. तिथल्या ज्या गुरुजींकडे त्यांच्या घराण्याचं श्राद्ध पिढ्यान्‌पिढ्या चालतं, ते छत्रीखाली बसून दर्भ निवडत होते. साडूंनी त्यांना सगळा प्रकार अथपासून इतिपर्यंत सांगितला. हॉलंड, ब्राझील, परिच्छेद, सगळं. गुरुजींनी शांतपणे ऐकून घेतलं. क्षिप्रेकाठी बसून माणसांच्या इतक्या अडचणी ऐकलेल्या की हॉलंडचं नाव ऐकून ते मुळीच दचकले नाहीत.

"एक बात बताओ," ते म्हणाले, "नया बना रहे हो, के पुराने को सुधार रहे हो?"

"सुधार रहे हैं, महाराज. अपनी ही गलती है."

"तो छत टपक रही हो तो क्या पंद्रह दिन भीगोगे? मरम्मत का कोई दोष नहीं. जाओ, सुधारो." आणि दर्भ निवडता निवडता त्यांनी सहज विचारलं, "पर दोनों की बात तो रह नहीं सकती. मना किसको करोगे?"

पितृपक्षाच्या आड साडू काय लपवून बसले होते, ते गुरुजींनी एका प्रश्नात बाहेर काढलं होतं. त्या दिवशी त्यांनी दोन्ही सुधारणा तूर्त बाजूला काढल्या आणि चाळणी पुन्हा चालू झाली. पण कोणती तरी एक परत घालायची होती. चाळणीच्या मंडळींचा कौल घेतला, तो ब्राझीलच्या बाईंच्या बाजूनं पडला. साडूंचं स्वतःचं मतही तेच. उघडलं ते बंद करावं, हे श्रद्धांजलीच्या प्रकरणापासून त्यांना पटलेलं. म्हणजे नकार द्यायचा तो हॉलंडच्या गृहस्थांना. ज्यांनी पाया घातला त्यांना.

दसऱ्याच्या सुमारास त्यांनी तो नकार लिहिला. मला वाचून दाखवला. मी ऐकलं आणि म्हटलं, वा, छान नकार आहे. त्यात लिहिलं होतं: 'आपली सूचना अत्यंत मोलाची आहे. आपल्यासारख्या ज्येष्ठ सहकाऱ्याकडून ती यावी हे आमचं भाग्य. योग्य वेळी तिचा जरूर विचार करू.' आता हे पत्र उज्जैन, इंदूर, पुणे, कुठंही कुणालाही पाठवा, वाचणारा उसासा टाकून दुसऱ्या उद्योगाला लागेल. नोकरीच्या अर्जाला असं उत्तर आलं तर माणूस दुसरा अर्ज करतो, स्थळाकडून आलं तर दुसरं स्थळ पाहतो. इतका स्पष्ट नकार आपल्याकडे क्वचितच कुणी देतं. हॉलंडला मात्र हा कागद होकार म्हणून पोचला. त्यांनी आभार मानले आणि दर सोमवारी एका ओळीचं पत्र पाठवायला सुरुवात केली: 'योग्य वेळ आली का?'

साडू लिहीत, 'लवकरच.' पुढच्या सोमवारी पुन्हा, 'योग्य वेळ आली का?' साडू लिहीत, 'बघू.' दिवाळी गेली. साडूंना सोमवार नकोसा वाटू लागला. रविवारी संध्याकाळीच ते जेवणावरून उठून येरझाऱ्या घालू लागत. संक्रांतीला त्यांनी एक युक्ती केली. तिळगुळाचा डबा पोस्टानं हॉलंडला पाठवला, सोबत 'गोड बोला' याचा अर्थ समजावणारा मजकूर. महिन्याभरानं उत्तर आलं. लाडू कडक पण चांगले होते, कुटुंबाला आवडले, आणि योग्य वेळ आली का? मी हसून हसून खाली बसलो. साडू हसले नाहीत. "तुम्हाला मस्करी सुचून राहिली," ते म्हणाले, "तो माणूस खरोखर वाट पाहून राहिलाय हो."

आणि शिमग्याच्या सुमारास ते पत्र आलं. हॉलंडच्या गृहस्थांनी लिहिलं होतं की आपला निर्णय होत नसेल तर मी आणि आणखी काही जण चाळणीची प्रत घेऊन आमची वेगळी चूल मांडतो. अशा फुकट औजारांच्या जगात याची मुभाच असते. कृती सगळ्यांना दिलेलीच असते, कुणीही उचलून आपला संसार थाटावा. पण साडूंनी ते पत्र वाटणीची नोटीस आल्यासारखं वाचलं. चाळणी म्हणजे त्यांचं एकत्र कुटुंब होतं. तीन भावांच्या वाटण्या त्यांनी लहानपणी स्वतःच्या घरात पाहिल्या होत्या आणि त्याबद्दल ते कधी बोलत नसत. त्या संध्याकाळी ते ताईंसमोर पत्राचा कागद घेऊन बसले. मी आणि माझी बायको तिथेच होतो.

"काय करू गं?"

"तुम्हाला त्यांचं ते हवंय का?" ताईंनी विचारलं.

"नकोय. पण तसं कसं..."

"मग तसंच लिहा. नको."

"अगं, निम्मी चाळणी त्यांची आहे."

"म्हणूनच लिहा. पाच महिने त्या माणसाला दाराबाहेर उभं केलंत तुम्ही. मी भाजीवाल्यालासुद्धा इतकं नाही उभं करत. हो म्हणा, नाहीतर नको म्हणा, पण बिचाऱ्याला जाऊ तर द्या."

ताईंच्या आवाजात राग नव्हता. साडू कॉम्प्युटरकडे गेले. मोडेम किंचाळला. त्यांनी लिहिलं, खोडलं, पुन्हा लिहिलं. ताई मागे उभ्या राहून पाहत होत्या आणि 'अत्यंत मोलाची' आलं की खांद्यावर टिचकी मारत होत्या. शेवटी पडद्यावर जे उरलं ते इतकंच होतं: आपली सूचना मी घेणार नाही. क्षमस्व. त्यांनी डोळे मिटून ते धाडलं. मला वाटतं, त्यांच्या आयुष्यातला हा पहिला नकार. इतिहासात नोंद व्हावी म्हणून मी काहीतरी बोलणार होतो, पण माझ्या बायकोनं मला कोपर मारलं.

उत्तर दुसऱ्याच दिवशी आलं. साडूंनी ते मला फोनवर वाचून दाखवलं, म्हणजे त्या दिवशी त्यांनी मोडेम बंद ठेवला होता. हॉलंडच्या गृहस्थांनी लिहिलं होतं, 'धन्यवाद. हे पहिल्याच आठवड्यात कळवलं असतंत तर मी राहिलो असतो. माझी सुधारणा घेतली नाही म्हणून मी जात नाही. वाट पाहून दमलो म्हणून जातोय. आता बाकीच्यांना मी शब्द देऊन बसलो आहे.' फोनवर बराच वेळ नुसती खरखर ऐकू येत राहिली. मग साडू म्हणाले, "लाइन खराब आहे वाटतं." टेलिफोन खात्यातला माणूस असं म्हणतो तेव्हा आपण काय बोलणार?

पुढं जे झालं ते व्हायचंच होतं. हॉलंडची नवी चूल पेटली, आणि चांगली पेटली. तिथं घंटा नव्हती, बटणं नव्हती, पितृपक्ष नव्हता. निर्णय दिवसात होत. एक एक करून मंडळी तिकडे गेली. जाताना प्रत्येक जण साडूंना प्रेमाचं पत्र लिहून जाई आणि साडू प्रत्येकाला 'अवश्य जावे' म्हणत. दुसरं काय म्हणणार? ते इथवरच थांबले नाहीत. लेक सासरी जाताना आई भांडी बांधून देते तसं त्यांनी आपल्याकडे जमलेल्या सगळ्या खाचाखोचा, कुठल्या पानावर चाळणी कशी फसते, कुणाच्या काय तक्रारी होत्या, हे सगळं निगुतीनं लिहून हॉलंडला पाठवून दिलं. ब्राझीलच्या बाईंचं लग्न झालं आणि त्यांचा उत्साह दुसरीकडे वळला. साडूंनी त्यांना आहेर म्हणून ब्लाउजपीस पाठवला, त्याचं काय करायचं असतं हे मात्र कळवायचं राहिलं. दोन-तीन वर्षांत चाळणीचं नाव घेणारे उरले ते साडू, आमचं मराठी मंडळ आणि कॅनडातला तो आईवाला. तरी रोज पहाटे उठून ते मोडेम लावत. पत्रं नसायची. "जाहिराती येतात ना," ते म्हणत, आणि मला खात्री आहे की त्यांतल्या काहींना ते उत्तरंही देत असणार.

मग एका रविवारी सकाळी ते माझ्या घरी आले, हातात पेढ्यांचा पुडा. नानाखेड्याहून चालत आलेले, घामाघूम, चेहरा उजळलेला. मी विचारलं, "बढती मिळाली का?"

"अहो, कसली बढती! मी हॉलंडवाल्यांना एक दुरुस्ती पाठवली होती. त्यांच्या नव्या चाळणीसाठी. छोटीशीच."

"घेतली त्यांनी?"

"नाही ना! परत केली." ते खुर्चीत बसले. "तासाभरात उत्तर. एक ओळ. 'चालणार नाही, वेग कमी होतो.' बस. ना नमस्कार, ना चमत्कार."

"मग पेढे कसले?"

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मला काहीच कळत नाही. "साढूभाई, परक्या माणसाला कुणी असं लिहितं का? परक्याला तर आपण 'बघू' म्हणतो. घरच्यालाच सांगतो ना थेट, की नको, जमणार नाही. म्हणजे तो माणूस अजून मला घरचा समजून राहिलाय."

माझ्या बायकोनं पाणी आणून ठेवलं. साडू पुड्याची दोरी बोटाला गुंडाळत बसले होते. ती सोडता सोडता, माझ्याकडे न पाहता ते म्हणाले, "आणि मी त्याला पाच महिने 'बघू' म्हणत राहिलो. मतलब तेवढे दिवस मी त्याला परकाच मानत राहिलो ना?"

मी म्हटलं, "नाही हो, तसं नाही."

मग त्यांनी पुडा माझ्यापुढे धरला आणि म्हणाले, "घ्या, ताजे आहेत."